थोरला कोण, ते सुईणीला विचारा

विंटरकूम गावात दोन तऱ्हेची माणसं होती, सरकारमान्य चर्चला जाणारी आणि त्यातून फुटून निघालेल्या साध्या पंथाच्या चॅपलला जाणारी. चर्चवाल्यांची घरं, नोकऱ्या आणि मतं तिन्ही लॉर्ड ऑल्डमेर यांच्या मालकीची होती. चॅपलवाल्यांची घरं आणि नोकऱ्याही त्यांच्याच, मतं तेवढी स्वतःची. थर्झा ब्रिम्बल चॅपलवाली होती.

तिचा बाप सॉमरसेटच्या पाणथळ रानात वाळुंजाच्या फोका कापून टोपल्या विणायचा. आठ भावंडांत थर्झा पाचवी. जिभेला फटकळ, हाताला हलकी. एकोणिसाव्या वर्षी तिचं लग्न एनॉक ब्रिम्बलशी झालं. एनॉक लॉर्डांच्या इस्टेटीवर सुतार होता, कमी बोलणारा, सफरचंदाच्या दारूचा एखादा पेला चोरून घेणारा. बायकोने चॅपलमध्ये दारूला न शिवण्याची शपथ लिहून दिली होती, आणि तो पेल्याचा वास लपवायला पुदिना चघळत घरी यायचा. तिला सगळं कळायचं. ती काही म्हणायची नाही.

त्यांचं पहिलं मूल जन्मताच गेलं. गावातल्या एका म्हातारीने न धुतलेल्या हातांनी बाळंतपण केलं होतं. थर्झा तापाने महिनाभर अंथरुणात होती आणि पुढे तिला मूल झालं नाही. वर्षभर ती घुमी होऊन बसली. मग एका शनिवारी जेवताना म्हणाली, "एनॉक, मी ब्रिस्टलला जाणार. सुईणपण शिकणार, रीतसर."

"कधी?"

"सोमवारी."

एनॉकने पाव खाली ठेवला आणि तिच्या कपड्यांसाठी पेटी करायला घेतली. सोमवारी सकाळी पेटी तयार होती.

थर्झा परवाना घेऊन परतली आणि पुढची वीस वर्षं विंटरकूममध्ये आणि आसपासच्या वाड्यांवर जे मूल जन्मलं, ते तिच्या हातांवर जन्मलं. कायद्याने सुईणीला नोंदवही ठेवावी लागे. थर्झाची वही इतकी नेटकी, की तपासणीला येणारी बाई ती इतर सुइणींना दाखवायला मागून नेई.

ऑल्डमेरांच्या हवेलीतून मात्र तिला कधी बोलावणं आलं नव्हतं. तिथली बाळंतपणं करायला लंडनचे डॉक्टर यायचे.

१९२७ च्या जूनमध्ये, गवतकापणी जोरात चालली होती त्या दिवसांत, दुपारी एकच्या सुमारास हवेलीची मोटार थर्झाच्या दाराशी येऊन उभी राहिली. शोफर घामाघूम झाला होता.

"ब्रिम्बलबाई, चला लवकर. धाकट्या बाईसाहेबांना कळा सुरू झाल्यात. लंडनचे डॉक्टर तीन आठवड्यांनी येणार होते."

"बाळाला कुणी तसं कळवलं नव्हतं वाटतं," थर्झा म्हणाली आणि बॅग उचलून गाडीत बसली.

हवेलीत लेडी ऑल्डमेर दोन होत्या. थोरली म्हणजे लॉर्डसाहेबांची आई. नवरा जाऊन पंधरा वर्षं झाली, मुलाचं लग्न होऊन तीन झाली, पण घराच्या किल्ल्या अजून तिच्याच कमरेला होत्या. धाकटी मुरियल, यॉर्कशायरमधल्या एका गालिचे विणणाऱ्या गिरणीवाल्याची मुलगी. तिच्या बापाच्या पैशातून हवेलीचं गळकं छप्पर नवं झालं होतं आणि त्याच छपराखाली बसून थोरली तिच्या यॉर्कशायरी हेलाला नाकं मुरडायची.

थोरलीने थर्झाला जिन्यातच अडवलं.

"तू चॅपलची ना?"

"हो बाईसाहेब. पण बाळाला त्याने फरक पडत नाही. वाट सोडता का?"

गेल्या कैक वर्षांत थोरलीला कुणी वाट सोडायला सांगितलं नव्हतं. ती इतकी चकित झाली की खरंच बाजूला झाली.

मदतीला दिलेली मोलकरीण रक्त दिसताच भिंतीला टेकली, तेव्हा थर्झाने तिला बाहेर घालवलं. खोलीत दोघीच उरल्या. मुरियल दमून अर्धवट ग्लानीत गेली होती. दोन वाजून दहा मिनिटांनी पहिला मुलगा आला, लहानसा, निळसर. थर्झाने त्याला उलटा धरला, पाठ चोळली, तोंडातला चिकटा बोटाने काढला. मग तो रडला. त्याचं डावं पाऊल आत वळलेलं होतं, तळवा दुसऱ्या पायाकडे बघत असल्यासारखा. पोटावर हात ठेवताच थर्झाला कळलं की काम संपलेलं नाही. तिने पहिल्याच्या मनगटाला पांढरी फीत बांधली आणि त्याला टोपलीत ठेवलं. पंचवीस मिनिटांनी दुसरा आला, गुबगुबीत, लाल, बाहेर येतायेताच बोंब ठोकणारा.

गावातले डॉक्टर ट्रेंचर्ड साडेतीनला पोचले, तोवर दोन्ही मुलं न्हाऊन गुंडाळून झाली होती. थोरली त्यांच्या मागोमाग आत आली. तिने दुसऱ्याला बघून मान डोलावली. पहिल्याचं दुपटं दोन बोटांनी उचलून पाऊल पाहिलं आणि दुपटं परत सोडलं.

"हा धाकटा ना?"

"नाही बाईसाहेब. हा थोरला. फीत आहे बघा."

थोरली वळून बाहेर गेली. लॉर्डसाहेब नदीवर मासे धरायला गेले होते, ते संध्याकाळी आले.

तिसऱ्या दिवशी सकाळी थर्झा बाळंतिणीला बघायला गेली, तेव्हा तिला खालच्या दिवाणखान्यात बोलावण्यात आलं. थोरली खिडकीपाशी बसली होती, डॉक्टर ट्रेंचर्ड शेगडीपाशी उभे होते. थर्झाला कुणी बसायला सांगितलं नाही.

"ब्रिम्बल," थोरली म्हणाली, "त्या दिवशी घाई फार झाली. एकट्या बाईवर दोन दोन मुलं. गडबडीत फीत चुकीच्या मुलाला बांधली गेली असणार. डॉक्टरांचंही तेच मत आहे."

"डॉक्टर आले तेव्हा मी हात धुऊन चहा घेत होते," थर्झा म्हणाली. "त्यांचं मत चहाबद्दल असेल."

ट्रेंचर्ड खाकरले. "हे बघा ब्रिम्बलबाई, आपण समजूतदार माणसं आहोत. तो मुलगा अशक्त आहे. जगेल न जगेल. जगला तर लंगडणार. या घराण्याची जमीन, घर, किताब, सगळं थोरल्याकडे जातं. तुमच्या वहीत दोन ओळींची अदलाबदल केलीत तर कुणाचं वाईट होत नाही."

"त्याचं होतं की."

"त्याला काय कळणार आहे?" थोरलीचा आवाज चढला. "दोनशे वर्षांत ऑल्डमेर घराण्यातला कुणी लॉर्डांच्या सभेत लंगडत गेलेला नाही. माझ्या डोळ्यांदेखत जाणार नाही. हे बघ, तू आणि तुझा नवरा राहता ते घर आमचं आहे. ते तुम्हाला मरेपर्यंत राहायला मिळेल, तसं लिहून देते. आणि नाही म्हणालीस, तर सप्टेंबरअखेर ते रिकामं करायचं. तुझ्या नवऱ्याने दुसरं कामही बघायचं. नीट विचार कर."

थर्झाने बॅग या हातातून त्या हातात घेतली.

"बाईसाहेब, मी त्याला हातात घेतलं तेव्हा त्याच्या अंगावर किताब नव्हता आणि पायाला नाव नव्हतं. तो आधी आला, एवढंच मला ठाऊक. तो नंतर आला असता तर मी तसं लिहिलं असतं आणि तुम्ही मला केक पाठवला असता. वहीत खाडाखोड मी करत नाही."

"जा," थोरली म्हणाली.

त्या संध्याकाळी थर्झाने एनॉकपुढे थंड मटण आणि बटाटे ठेवले आणि सगळं सांगितलं. सांगताना ती जेवणाकडे बघत होती, त्याच्याकडे नाही. पंचवीस वर्षं तो त्या इस्टेटीची दारं-खिडक्या सांभाळत होता. बागेतलं नासपतीचं झाड त्याने स्वतः लावलं होतं.

एनॉकने जेवण संपवलं. मग म्हणाला, "लिहून देणार होती म्हणाली? घर?"

"हो."

"मरेपर्यंत?"

"हो रे बाबा. काय करू, सांग ना. तुझीही नोकरी आहे त्यात."

"स्वयंपाकघराचं दार तीन वर्षं खाली घासतंय," एनॉक म्हणाला. "दुसऱ्यांची दारं करता करता ते राहूनच गेलं. आता नाही करत." आणि तो हत्यारं पुसायला उठला. थर्झा तिथेच बसून राहिली. बऱ्याच दिवसांनी तिला रडू आलं, तेही नवऱ्याच्या पाठीकडे बघून.

हवेलीत जायला तिला मनाई झाली नव्हती, कारण बाळंतिणीला दहा दिवस सुईण लागते हे थोरलीलाही मान्य होतं. आठव्या दिवशी थर्झा मुरियलचे केस विंचरत असताना मुरियलने तिचा हात धरला.

"ब्रिम्बलबाई, खरं सांगा. थोरला कोण?"

"तुम्हाला काय सांगितलंय?"

"गुटगुटीत तो थोरला म्हणाले. दुसऱ्याला समुद्रकाठी एका दाईकडे पाठवणार आहेत, हवा चांगली म्हणून. सासूबाई म्हणतात, मी त्याच्यात जीव गुंतवू नये. पण मला एक आठवतं. मी ग्लानीत होते, तरी पहिलं रडणं मी ऐकलं. बारीक होतं. मांजरीच्या पिल्लासारखं."

"तुम्ही बरोबर ऐकलंत," थर्झा म्हणाली. "दोन वाजून दहा मिनिटांनी. पाऊल वळलेला, तोच."

मुरियलने तिचा हात सोडला. मग म्हणाली, "त्याला आणा. आणि दुपटं काढा."

तिने ते पाऊल हातात घेतलं, अंगठ्याने तळव्यावरून फिरवलं. थर्झाने तिला दाखवलं, हाडं अजून कोवळी आहेत, रोज हळूहळू बाहेर ओढायचं, पातळ लाकडी पट्ट्या बांधायच्या, मग ब्रिस्टलच्या इस्पितळात दाखवायचं. असे पाय सरळ झालेले तिने पाहिले होते. पुरते नाही, पण चालण्याजोगे.

"आमच्या गिरणीत," मुरियल म्हणाली, "धाग्यात गाठ आली म्हणून माझे वडील गालिचा फेकून देत नसत. शनिवारी माझे यजमान जन्माची नोंद करायला जाणार आहेत. सासूबाई सांगतील तशी."

"नोंद आईलाही करता येते, बाईसाहेब. बापाआधी गेली तर झाली."

मुरियलने पांघरूण बाजूला सारलं.

"पण तुम्ही आज आठव्या दिवशी आहात," थर्झा घाईने म्हणाली. "पंधरा दिवस पलंगावरून उठायचं नाही, हा नियम मीच सगळ्यांना सांगते. शिवाय चर्चमध्ये जाऊन देवाचे आभार मानल्याशिवाय बाळंतीण उंबरा ओलांडत नाही."

"तुम्ही चॅपलच्या ना?" मुरियल म्हणाली. "मग चर्चचं तुम्ही कशाला मनावर घेता?"

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, सकाळी दहाला पाववाल्याची गाडी नेहमीसारखी हवेलीच्या मागच्या दाराशी आली. थोरली त्या वेळी पाद्र्याकडे गेली होती. मुरियल मोलकरणीचा कोट घालून, भिंतीला धरत धरत जिना उतरली आणि पावांच्या फळ्यांमध्ये पिठाच्या पोत्यावर बसली. थर्झा तिला धरून शेजारी. पाववाला हिबर्ट हा थर्झाच्या मामेबहिणीचा नवरा, त्याने मागे वळून फक्त एवढंच विचारलं, "खड्डे चुकवू का वेळ वाचवू?"

"खड्डे चुकव," थर्झा म्हणाली, "आणि तोंड बंद ठेव."

लँगबर्न गावात बियाण्यांच्या दुकानावरच्या माडीवर रजिस्ट्रार बसत. मिस्टर क्विल्टर नाव, शाईने काळी झालेली बोटं, कानात केस. समोर लेडी ऑल्डमेर उभी आहे आणि तिच्या बाहीला पीठ लागलंय, हे बघून ते दोनदा उठले आणि दोनदा बसले.

"जुळी आहेत म्हणता? मग वेळ लिहावी लागेल बाईसाहेब. एरवी लिहीत नाही, पण जुळ्यांत लिहितो."

"म्हणूनच आलेय," मुरियल म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, खुर्चीचे हात तिने घट्ट धरले होते. "पहिला, दोन वाजून दहा मिनिटं. दुसरा, दोन पस्तीस."

"नावं?"

ऑल्डमेर घराण्यात थोरल्याचं नाव नेहमी ॲम्ब्रोज. आजोबा ॲम्ब्रोज, बाप ॲम्ब्रोज. थोरलीने ते नाव गुटगुटीत नातवासाठी चांदीच्या पेल्यावर कोरायलाही दिलं होतं.

"पहिल्याचं ॲम्ब्रोज," मुरियल म्हणाली. "दुसऱ्याचं लिओनेल. माझ्या वडिलांच्या भावाचं नाव आहे. गिरणीत फोरमन होते."

तिने सही केली. सही करून उठली आणि थर्झाच्या अंगावर कोसळली. परतीच्या वाटेवर ती पोत्यावर आडवी पडून हसत होती आणि थर्झा तिची नाडी बघत मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत होती.

हवेलीत काय झालं ते स्वयंपाकघरातून साऱ्या गावाला कळलं. थोरलीने चांदीचा पेला भिंतीवर फेकला. लॉर्डसाहेब मासे धरून आले, आईचं ऐकलं, बायकोचं ऐकलं, आणि म्हणाले, "मुरियल, तू खरंच पाववाल्याच्या गाडीतून गेलीस?"

"हो. आणि पुन्हा जायला लागलं तर जाईन."

मनाने ते वाईट नव्हते. पण उभ्या आयुष्यात त्यांनी आईला नाही म्हटलं नव्हतं, आता बायकोलाही म्हणता येईना. त्यांनी रात्रीचं जेवण खोलीत मागवलं.

सप्टेंबरअखेर ब्रिम्बल नवरा-बायकोने घर सोडलं. चॅपलच्या मालकीची एक खोली गावाच्या टोकाला, रेल्वेच्या फाटकापाशी होती, तिथे ती राहायला गेली. सामान हातगाडीवर घालून नेताना इस्टेटीचे गडी माना खाली घालून बांध घालत राहिले. एकाने तेवढी टोपी काढली.

ट्रेंचर्डने थर्झाविरुद्ध जिल्ह्याच्या समितीकडे तक्रार केली. सुईण दारू पिते, मुलांची अदलाबदल करते, आणि बाळंतिणीला नवव्या दिवशी बाहेर नेते. पाच माणसांच्या समितीपुढे थर्झा आपला एकुलता एक चांगला कोट घालून उभी राहिली.

"दारूचं विचाराल तर चॅपलमध्ये माझी सही आहे, बघून घ्या. अदलाबदलीचं विचाराल तर वही तुमच्यापुढे आहे. नवव्या दिवसाचं खरं आहे. नेलं मी तिला. तिला काही झालं असतं तर मी स्वतःला माफ केलं नसतं."

"म्हणजे चूक मान्य?"

"मान्य. शिक्षा काय ती द्या. पण तिसरा आरोप खरा म्हणून पहिले दोन त्याच्या शेपटाला बांधू नका."

समितीने तिचा परवाना सहा महिने काढून घेतला आणि बाकीचे आरोप निकालात काढले. ते सहा महिने थर्झाने टोपल्या विणल्या. बापाकडे शिकलेलं बोटं विसरली नव्हती. एनॉक फाटकापाशी पत्र्याच्या आडोशात हातगाड्या, पाळणे आणि शवपेट्या करू लागला. इस्टेटीच्या बायकांना थर्झाकडे जायची बंदी होती. परवाना परत मिळाला त्या आठवड्यात इस्टेटीच्या गुराख्याची बायको भर दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, पोट सांभाळत गावभर चालत फाटकापाशी आली.

"ब्रिम्बलबाई, मला बंदी आहे म्हणे," ती म्हणाली. "पण याला कुठे आहे?" आणि तिने पोटावर हात ठेवला.

तिच्यामागून इतर आल्या. थोरलीने आणखी दोन महिने डोळे वटारले आणि मग बंदीची आठवण करून देणं सोडून दिलं. मात्र पुढची अकरा वर्षं, मरेपर्यंत, ती रस्त्यात थर्झा दिसली की गाडीचा पडदा ओढून घ्यायची.

लंगड्या ॲम्ब्रोजला समुद्रकाठी कुणी पाठवलं नाही. एनॉकने लिंडेन झाडाच्या मऊ लाकडाच्या बोटभर पट्ट्या तासून दिल्या. मुरियलने त्या स्वतः बांधल्या, रोज, वर्षभर, मग ब्रिस्टलच्या इस्पितळात दोनदा शस्त्रक्रिया झाली. मुलगा चालू लागला. लंगडायचा, पण झपाझप. लिओनेल आजीचा लाडका, घोड्यावर बसलेला, शिकारीत पुढे. सगळ्यांना दिसत होतं की लॉर्ड व्हायला तोच शोभेल, आणि सगळ्यांना ठाऊक होतं की होणार दुसरा. भावाभावांत तंटा मात्र नव्हता. लिओनेलला घरातलं सगळं हवं होतं, ॲम्ब्रोजला त्यातलं फारसं काही नको होतं. तो शिकून इंजिनिअर झाला आणि पाणथळ रानातले चर आणि पाण्याची दारं सांभाळणाऱ्या मंडळाच्या नोकरीला लागला.

१९५१ साली लॉर्डसाहेब वारले. महिन्याभराने, रविवारच्या चहाच्या वेळी, ॲम्ब्रोज रेल्वेच्या फाटकापाशी आला. एनॉक जाऊन चार वर्षं झाली होती. थर्झा सदुसष्ट वर्षांची होती आणि तिने नुकतंच काम सोडलं होतं.

"ये. काय म्हणू आता तुला, लॉर्डसाहेब?"

"तेच म्हणू नका म्हणून आलोय." त्याने खिशातून एक कागद काढला. "आजीच्या तिजोरीत होता. डॉक्टर ट्रेंचर्डच्या सहीचा. लिहिलंय की सुईणीची गफलत झाली, लिओनेल आधीचा. ट्रेंचर्ड वारला, आता त्या दिवसाचं सांगणाऱ्या तुम्हीच उरलात. आई ग्लानीत होती, तीही तुमच्याच शब्दावर बोलली. वकील म्हणतो, तुम्ही जर म्हणालात की तुम्हाला नीट आठवत नाही, तर लिओनेलला दावा करता येईल."

"आणि त्याने तो करावा असं तुला वाटतं?"

"मला जेसशी लग्न करायचंय." जेस म्हणजे फाटकाच्या सिग्नलवाल्याची मुलगी, पोस्टात काम करणारी. थर्झाच्याच हातांवर जन्मलेली. "ती म्हणते माणूस पसंत आहे, किताब नाही. दुकानात मटार घ्यायला गेल्यावर लोकांनी उठून लेडी ऑल्डमेर म्हणायचं, तिला नकोय. आणि किताब सोडायची कायद्यात सोय नाही. लिओनेलला तो जिवापाड हवाय. मग कुणाचं काय बिघडतं?"

थर्झाने कप इतक्या जोराने ठेवला की चहा सांडला.

"बिघडतं? पोरा, हेच वाक्य मी हवेलीच्या दिवाणखान्यात ऐकलंय, तू तीन दिवसांचा असताना. तुझी आजी तुझ्यापेक्षा बरी, तिने निदान मला घर देऊ केलं होतं. तू नुसता चहा पिऊन खोटं बोल म्हणतोस!"

"ब्रिम्बलबाई, मी तुमच्या उपकारांना..."

"उपकार नव्हतेच ते! तुला लॉर्ड करायला मी काही केलं नाही. लॉर्ड गेले खड्ड्यात. तू आधी आलास म्हणून मी आधी आला म्हटलं. आता तुला ते गैरसोयीचं झालं म्हणून तू नंतर आलास होय? एनॉकची नोकरी गेली, नासपतीचं झाड गेलं, ते काय मला नीट आठवत नव्हतं म्हणून?"

ॲम्ब्रोजचे कान लाल झाले. त्याने तो कागद घडी करून शेगडीत टाकला.

"मग जेसचं काय करू?"

"बस इथे," थर्झा म्हणाली आणि शाल घेऊन बाहेर पडली.

सिग्नलवाल्याच्या अंगणात जेस कपडे वाळत घालत होती. थर्झाने फाटकातूनच तोफ डागली.

"काय ग, नावाला भितेस म्हणे?"

"भीत नाही, मावशी. मला ते मिरवायचं नाही."

"मग नको मिरवू. तुला कुणी दोरीने बांधून मिरवतंय? पोस्टाच्या खिडकीवर तुला हवं ते नाव लिही. कुणी बाईसाहेब म्हटलं तर तिकिटं देऊ नकोस. पण त्या पोराला स्वतःचा जन्म खोटा ठरवायला लावू नकोस."

जेसच्या हातातली चादर तशीच राहिली. "जन्म खोटा? मी असं कधी म्हटलं?" ती म्हणाली. "लॉर्डाशी लग्न करणार नाही, एवढंच म्हटलं होतं मी त्याला. खोटं बोल कुठे म्हटलं? कुठाय तो?"

"माझ्याकडे बसलाय. चहा गार होतोय त्याचा."

जेस चादर दोरीवर फेकून तरातरा निघाली. पुढच्या वसंतात दोघांचं लग्न झालं, चॅपलमध्ये, कारण जेस चॅपलची. ऑल्डमेर घराण्याच्या दोन आत्या आल्या नाहीत. मुरियल आली आणि थर्झाच्या शेजारी बसून सगळ्यांत मोठ्याने गायली, तिच्या त्याच यॉर्कशायरी हेलात.

ॲम्ब्रोज लॉर्डांच्या सभेत कधी बसायला गेला नाही. हवेली आणि शेतं त्याने भावाला चालवायला दिली, पण गावातली घरं दिली नाहीत. ती त्याने त्या त्या घरात राहणाऱ्यांच्या नावावर करून टाकली. थर्झाचं जुनं घरही तिला देऊ केलं.

"त्यात आता कोण राहतं?" तिने विचारलं.

"गुराख्याचा मुलगा. बायको-पोरांसह."

"मग त्याचं कर. मला इथून गाड्या दिसतात."

जेस पोस्टात बसत राहिली, खिडकीवर 'मिसेस कॅरो' लिहून. कॅरो हे घराण्याचं आडनाव. त्यांना तीन मुली झाल्या. मुलगी जन्मली की हवेलीकडचे नातेवाईक सुस्कारा टाकायचे, कारण किताब मुलीला मिळत नाही. तिसरीच्या वेळी थर्झा तिला बघायला गेली आणि म्हणाली, "छान. हिच्यामागे कुणी कागद घेऊन लागणार नाही."

१९६३ साली कायदा बदलला. किताब नको असेल त्याला तो सोडता येऊ लागला. ॲम्ब्रोजने पहिल्याच महिन्यात अर्ज केला आणि साधा मिस्टर कॅरो झाला. लिओनेलला तरीही थांबावंच लागणार होतं. भाऊ जिवंत असेतो तो किताब कुणाचाच नव्हता, आणि भाऊ ठणठणीत होता. पुढेमागे तो लिओनेलकडे किंवा त्याच्या मुलाकडे जाणार, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या हिवाळ्यात पाद्र्याची नवी बायको, शहरातून आलेली हसतमुख बाई, थर्झाला भेटायला केक घेऊन आली. गावात पसरलेली गोष्ट तिने ऐकली होती.

"किती सोसलंत तुम्ही, मिसेस ब्रिम्बल! आणि शेवटी किताब त्या दुसऱ्या भावाकडेच जाणार. मग हे सगळं कशासाठी झालं, असं नाही वाटत तुम्हाला?"

थर्झा एकोणऐंशी वर्षांची होती. कान कमी झाले होते, जीभ नाही.

"हे बघा बाई, ॲम्ब्रोजने ते टाकून दिलं, स्वतःच्या हाताने, छत्तिसाव्या वर्षी, शुद्धीत असताना. तिसऱ्या दिवशी, दुपट्यात असताना ते त्याच्याकडून पळवलं असतं तर ती चोरी होती. तुम्हाला दोन्ही एकच वाटत असेल तर तुमच्या यजमानांना विचारा, त्यांच्या पुस्तकात चोरीबद्दल काहीतरी आहे."

पाद्र्याची बायको ओशाळली. थर्झाने केकचा तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला.

"बरा झालाय," ती म्हणाली. "जरा कोरडा आहे. पुढच्या वेळी अंडं जास्त घाला."